सर्व्हरनं ऐकायचं कुणाचं?

२०१६ साल संपत आलं होतं. व्हिक्टर गेवर्स हे डच सुरक्षा-संशोधक इंटरनेटवर उघडे पडलेले डेटाबेस हुडकून त्यांच्या मालकांना सावध करायचं काम करत होते. त्यात त्यांना मोंगोडीबीचा एक डेटाबेस असा सापडला, की आतली सगळी माहिती गायब आणि तिच्या जागी फक्त एक चिठ्ठी: ०.२ बिटकॉइन पाठवा, माहिती परत मिळेल. जानेवारीच्या पहिल्या दहा दिवसांतच अशा लुटलेल्या डेटाबेसांचा आकडा २५ हजारांच्या पुढे गेला. मग एका खंडणीखोराची चिठ्ठी पुसून दुसरा आपली ठेवू लागला. पैसे भरले तरी माहिती परत येईलच, याची काही शाश्वती उरली नाही, कारण कित्येकदा ती नुसतीच पुसलेली होती, कुणी जपून ठेवलेली नव्हती.

यात पासवर्ड कुणी फोडला नव्हता. पासवर्ड मुळात नव्हताच. सर्व्हर सुरू करताना ‘याच यंत्रावरून आलेल्या विनंत्या घे, बाहेरच्या नको’ एवढं त्याला सांगायचं राहून गेलं होतं, आणि मोंगोडीबीच्या जुन्या आवृत्त्यांना तसं सांगितलं नाही, तर त्या सगळ्या जगाचं ऐकत बसत. सर्व्हर सुरू करणं हे काम एका ओळीचं. पण त्या ओळीत जे लिहिलं जातं त्याच्याइतकंच, किंबहुना जास्तच, जे लिहायचं राहतं त्याला महत्त्व असतं.

मोबाइलवर पुण्याचं तापमान पाहताना फोन दूरच्या एका संगणकाला ठरलेल्या नमुन्यात प्रश्न पाठवतो आणि ठरलेल्याच नमुन्यात आलेलं उत्तर पडद्यावर मांडतो. कोणत्या पत्त्यावर काय विचारायचं, सोबत काय पाठवायचं, उत्तर कुठल्या साच्यात येणार, या सगळ्या कराराला एपीआय म्हणतात. तो करार पाळत चोवीस तास प्रश्नांची वाट पाहणारा प्रोग्राम म्हणजे एपीआय सर्व्हर. आज असे बहुतेक सर्व्हर ज्या घाटणीचे असतात, तिला ‘रेस्ट’ हे नाव रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या पीएचडी प्रबंधात दिलं. रेल्वेचं तिकीट, बँकेचे व्यवहार, केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ उपक्रमातली मराठीसकट भारतीय भाषांची भाषांतरं, सगळीकडे पडद्याआड असे सर्व्हर राबत असतात.

ते सुरू करायला बहुधा बटण नसतं. सर्व्हरचं यंत्र मुंबईतल्या किंवा सिंगापूरमधल्या एखाद्या डेटा सेंटरच्या कपाटात असतं, त्याला ना पडदा ना माउस. त्याच्याशी बोलायचं ते काळ्या खिडकीत अक्षरं टाइप करून, म्हणजे कमांड लाइनवरून. ही पद्धत जुनाट वाटते, पण तिचा एक मोठा फायदा आहे. माउसनं कुठं कुठं क्लिक केलं ते दुसऱ्याला सांगता सांगता पुरेवाट होते. कमांडची ओळ मात्र जशीच्या तशी सहकाऱ्याला पाठवता येते, फाइलीत जपता येते, सहा महिन्यांनी पुन्हा चालवता येते.

अशी एक ओळ जवळून पाहू. उदाहरण सध्याचं आणि घरच्या लॅपटॉपवर करता येण्याजोगं. फेब्रुवारी २०२३ मध्ये मेटा कंपनीनं ‘लामा’ हे भाषा-मॉडेल संशोधकांसाठी खुलं केलं आणि पुढच्याच महिन्यात बल्गेरियाच्या ग्योर्गी गेर्गानोव्ह यांनी ते साध्या लॅपटॉपवर चालवणारा ‘लामा डॉट सीपीपी’ हा मुक्त प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्याच्या सोबत ‘लामा-सर्व्हर’ नावाचा छोटा एपीआय सर्व्हर मिळतो. तो चालू केला, की आपल्याच यंत्रावरचं मॉडेल इतर प्रोग्रामांच्या प्रश्नांना उत्तरं देऊ लागतं. इंटरनेटचीही गरज राहत नाही.

कमांडमध्ये आधी येतं प्रोग्रामचं नाव, लामा-सर्व्हर. मग आडवी रेघ आणि ‘एम’ हे अक्षर, त्यापुढे मॉडेलच्या फाइलीचा पत्ता. आठ अब्ज पॅरामीटर्सचं मॉडेल चार बिटांत दाबून बसवलं, की ही फाइल साधारण ५ जीबीची होते. आडव्या रेघेनं सुरू होणाऱ्या अशा प्रत्येक सूचनेला फ्लॅग म्हणतात. एका अक्षराच्या फ्लॅगला एक रेघ, पूर्ण शब्दाच्या फ्लॅगला बहुतेक ठिकाणी दोन. ‘सी’ या फ्लॅगनं संदर्भाची लांबी ठरते, म्हणजे एका वेळी किती मजकूर मॉडेलच्या नजरेसमोर राहील ते. ती टोकन नावाच्या तुकड्यांत मोजतात. मराठीत काम करणाऱ्यानं हा आकडा जरा सढळ हातानं द्यावा, कारण बऱ्याच मॉडेलांमध्ये देवनागरी मजकुराचे तुकडे तेवढ्याच अर्थाच्या इंग्रजीपेक्षा जास्त पडतात आणि मर्यादा लवकर संपते. अर्थात आकडा वाढवला, की मेमरीही जास्त लागते.

एंटर दाबल्यावर ओळींचा धबधबा सुरू होतो. फाइल वाचली जाते, मेमरी राखली जाते आणि सगळ्यात शेवटी एक ओळ येऊन थांबते: सर्व्हर १२७.०.०.१ या पत्त्यावर, ८०८० या पोर्टवर ऐकत आहे. यानंतर खिडकी स्तब्ध होते. नवख्या माणसाला वाटतं, सगळं अडकलं. प्रत्यक्षात सर्व्हर आता पहिल्या विनंतीची वाट पाहत असतो.

तो खरंच जागा आहे का, हे दुसरी खिडकी उघडून पाहता येतं. त्यासाठी स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये जगापुढे आणलेलं ‘कर्ल’ हे हत्यार प्रत्येकाच्या हाताशी असतं. कर्लनं सर्व्हरच्या ‘हेल्थ’ या पत्त्यावर विचारणा केली, की मॉडेल अजून चढतंच असेल तर ५०३ हा क्रमांक परत येतो: आहे, पण अजून तयार नाही. थोड्या वेळानं तीच विचारणा केली, की २०० येतो आणि सोबत एका शब्दाचं उत्तर, ‘ओके’. वेबचे सगळे सर्व्हर हेच आकडे वापरतात. ४०४ म्हणजे असा पत्ता नाही, ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ५०० म्हणजे सर्व्हरच्याच पोटात काही बिघडलं.

आता त्या शेवटच्या ओळीतल्या पत्त्याकडे आणि पोर्टकडे वळू. आपण तर दोन्हींपैकी काहीच टाइप केलं नव्हतं. ते प्रोग्रामनं स्वतःहून धरले. अशा न सांगता धरलेल्या मूल्यांना ‘डिफॉल्ट’ म्हणतात.

पत्ता आणि पोर्ट यांचं नातं एसटी स्टँड आणि फलाटासारखं आहे. पत्त्यानं स्टँड सापडतो, पण गाडी कुठं लागणार हे फलाटाच्या क्रमांकावरून कळतं. एका यंत्रावर असे ६५,५३५ क्रमांक वापरता येतात. युनिक्स घराण्यातल्या प्रणालींत १०२४ च्या खालचे क्रमांक परंपरेनं फक्त प्रशासकाच्या हक्काचे. ८० वेबचा, ४४३ सुरक्षित वेबचा. दूरच्या यंत्रावर शिरण्यासाठी जे एसएसएच वापरतात, त्याचा क्रमांक २२. त्याची हकिगत सांगण्यासारखी आहे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरले, म्हणून तिथल्या तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. ते टेलनेट आणि एफटीपी या जुन्या साधनांची जागा घेणार होतं. टेलनेटचा क्रमांक २३, एफटीपीचा २१, मधला २२ मोकळा. इलोनेन यांनी क्रमांकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला ईमेल लिहून तो मागितला आणि दुसऱ्या दिवशी जॉइस रेनॉल्ड्स यांचं होकाराचं उत्तर आलंसुद्धा.

रेडिस या लोकप्रिय डेटाबेसचा ६३७९ हा क्रमांक तर गमतीतूनच आला. जुन्या फोनच्या बटणांवर ही चार बटणं दाबली, की एम, ई, आर, झेड ही अक्षरं लागतात, आणि मेर्झ हे इटलीतल्या टीव्हीवरच्या एका तारकेचं आडनाव. रेडिसचे कर्ते साल्वातोरे सान्फिलिप्पो इटलीचेच.

एका क्रमांकावर एका वेळी एकच प्रोग्राम बसू शकतो. जागा आधीच कुणी अडवली असेल, तर ‘पत्ता आधीच वापरात आहे’ असा संदेश टाकून सर्व्हर सुरू व्हायला नकार देतो. २०२१ च्या अखेरीस ॲपलनं मॅकओएस माँटरे आणलं, तेव्हा पायथनमध्ये ‘फ्लास्क’ वापरून सर्व्हर लिहिणारे असेच बुचकळ्यात पडले. फ्लास्क वर्षानुवर्षं ५००० हा पोर्ट धरत आलेला, आणि नव्या मॅकवर तो ॲपलच्याच एअरप्ले या सोयीनं बळकावलेला. उपाय एका फ्लॅगचा: पोर्ट बदला. कोडच्या एकाही ओळीला हात लावावा लागत नाही, हीच तर कमांड लाइनवरून मूल्यं द्यायची सोय.

पत्त्याचं प्रकरण पोर्टपेक्षा नाजूक. १२७.०.०.१ हा यंत्राचा स्वतःशी बोलायचा पत्ता. या पत्त्यावर ऐकणाऱ्या सर्व्हरपर्यंत त्याच यंत्रावरचे प्रोग्राम पोहोचतात; शेजारच्या खोलीतला फोनसुद्धा पोहोचत नाही. होस्ट या फ्लॅगपुढे ०.०.०.० लिहिलं, की अर्थ होतो ‘या यंत्राचे जितके पत्ते असतील तितक्या सगळ्यांवर ऐक’. घरातल्या वायफायवर असाल, तर वायफायवरचं प्रत्येक यंत्र आता तुमच्या सर्व्हरशी बोलू शकतं. भाड्यानं घेतलेल्या क्लाउडच्या यंत्रावर असाल आणि मध्ये बाहेरच्या विनंत्या अडवणारी फायरवॉल नसेल, तर सगळं जग बोलू शकतं.

बहुतेक लोक हे दुष्टपणानं करत नाहीत, वैतागून करतात. लॅपटॉपवर सर्व्हर चालतो, फोनवरून लागत नाही. कुणीतरी सांगतं, होस्ट चार शून्यं कर. लगेच लागतो. काम झालं म्हणून माणूस पुढच्या कामाला लागतो आणि ती चार शून्यं तशीच राहतात.

दार उघडायचंच असेल, तर आलेल्याची ओळख विचारायला हवी. त्यासाठी लामा-सर्व्हरला एपीआय-की नावाचा फ्लॅग आहे. त्यापुढे एखादी लांबलचक, अंदाज न बांधता येणारी अक्षरमाळ दिली, की प्रश्नासोबत ती न पाठवणाऱ्याला ४०१ मिळतो आणि बोलणं तिथंच संपतं. पण हाच फ्लॅग कमांडमध्ये उघडउघड लिहिण्यात एक गोम आहे. टाइप केलेली प्रत्येक कमांड शेल, म्हणजे काळ्या खिडकीतल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, आपल्या इतिहासाच्या फाइलीत नोंदवून ठेवतं, त्यात ती गुप्त किल्लीही जाते. शिवाय लिनक्सवर ‘पीएस’ ही कमांड चालू प्रोग्रामांची यादी त्यांच्या फ्लॅग्जसकट दाखवते आणि नेहमीच्या मांडणीत ती त्या यंत्रावरच्या दुसऱ्या कुणालाही पाहता येते. यंत्र एकट्याचं असेल तर ठीक. कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं किंवा कंपनीतलं सामाईक यंत्र असेल, तर किल्ली चारचौघांत वाचून दाखवल्यातच जमा.

म्हणून किल्ली वेगळ्या फाइलीत ठेवून कमांडमध्ये फक्त त्या फाइलीचा पत्ता देण्याची सोय असते. दुसरी वाट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची. शेलमध्ये आधीच एका नावाखाली मूल्य ठेवायचं आणि सुरू होणारा प्रोग्राम ते वाचून घेतो. ही व्यवस्था १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासूनची आहे. तिला नव्यानं प्रतिष्ठा मिळाली ती २०११ च्या सुमारास, हेरोकू या क्लाउड कंपनीचे ॲडम विगिन्स यांनी वेबवरचे प्रोग्राम कसे बांधावेत याची बारा सूत्रं मांडली तेव्हा. त्यातलं एक सूत्र असं, की यंत्रागणिक बदलणारं सगळं कोडच्या बाहेर, एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवावं. एकच मूल्य दोन्हीकडे दिलेलं असेल, तर लामा-सर्व्हर कमांडमधल्या फ्लॅगचं मानतो. इतरही पुष्कळ प्रोग्राम हाच क्रम पाळतात. मूल्य बदलूनही सर्व्हर जुनंच धरून बसला असेल, तर घोटाळा बहुधा इथं असतो.

किल्ली असूनही भागत नाही, जर ती साध्या एचटीटीपीवरून उघडी प्रवास करत असेल. वाटेत नेटवर्कवर कान लावून बसलेल्याला ती वाचता येते. म्हणून जगासमोर ठेवायच्या सर्व्हरपुढे बहुतेक जण एनजिनएक्ससारखा एक मध्यस्थ उभा करतात. ४४३ वर तो ऐकतो, सांकेतिक रूपात आलेली विनंती उलगडतो आणि आतल्या १२७.०.०.१ वरच्या सर्व्हरकडे सोपवतो. खरा सर्व्हर बाहेरच्यांना दिसतही नाही.

एक फ्लॅग असा आहे, की जो चालू राहिला तर बाकीची सगळी खबरदारी वाया जाते. तो म्हणजे डीबग. प्रोग्राम लिहिताना चूक कुठं झाली ते कळावं म्हणून ही अवस्था असते. फ्लास्क ज्यावर उभा आहे, त्या वर्कझॉइगची डीबग अवस्था तर ब्राउझरमध्येच पायथनचा कोड चालवू देते. २०१५ मध्ये कलाकारांना वर्गणी मिळवून देणाऱ्या पॅट्रिऑन या संकेतस्थळावर हल्ला झाला. चाचणीसाठीची डीबग अवस्थेतली प्रत लोकांना पोहोचता येईल अशा ठिकाणी राहिली होती, असं कंपनीनंच सांगितलं. सुमारे १५ जीबी माहिती चव्हाट्यावर आली; त्यात २३ लाख ईमेल पत्ते होते. फ्लास्क सुरू केला की ‘हा विकासकाळातला सर्व्हर आहे, प्रत्यक्ष वापरात आणू नका’ असा इशारा आज पडद्यावर येतो. तो वाचून पुढे जाणारे अर्थातच खूप आहेत.

चुका अशा पुन्हा पुन्हा होऊ लागल्या, तसे सर्व्हर लिहिणारेच शहाणे होत गेले. मोंगोडीबीवर धाड पडण्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधी, फेब्रुवारी २०१५ मध्ये जर्मनीच्या झारलांड विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी जवळपास ४० हजार उघडे मोंगोडीबी मोजून दाखवले होते. त्यातल्या एकात फ्रान्समधल्या दूरसंचार कंपनीच्या लाखो ग्राहकांची माहिती होती. तेव्हा बातम्या झाल्या, डिफॉल्ट बदललं नाही. लुटालूट झाल्यावर, २०१७ च्या अखेरीस आलेल्या ३.६ या आवृत्तीपासून मोंगोडीबी सगळीकडे डिफॉल्टनं फक्त स्वतःच्या यंत्राचं ऐकू लागला.

रेडिसची गोष्ट निराळ्या वळणाची. रेडिस विश्वासातल्या नेटवर्कसाठीच आहे, असं सान्फिलिप्पो पहिल्यापासून सांगत. तरी लोक तो उघडा ठेवत. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांनी स्वतःच, उघड्या रेडिसमधून शिरून अख्खं यंत्र कसं ताब्यात घेता येतं ते पायरी-पायरीनं लिहून दाखवलं. पुढच्या वर्षीच्या ३.२ या आवृत्तीत त्यांनी संरक्षित अवस्था आणली. पासवर्ड नाही आणि कुठल्या पत्त्यावर ऐकायचं तेही सांगितलेलं नाही, अशा रेडिसला बाहेरून कुणी हाक मारली, तर तो काम करत नाही. उलट काय चुकलं आहे आणि ते दुरुस्त करायचे पर्याय कोणते, हे सांगणारा चांगला ऐसपैस संदेश पाठवतो.

हजारो यंत्रांवरचे प्रोग्राम सांभाळणाऱ्या कुबरनेटिसच्या केंद्रस्थानीही एक एपीआय सर्व्हरच असतो. त्याच्या फ्लॅग्जची यादी शंभराच्या वर जाते. त्यात पूर्वी ८०८० हा ‘असुरक्षित’ पोर्टही होता. तिथं ना ओळख विचारली जाई, ना परवानगी. डिफॉल्टनं तो फक्त आतल्या आत चालत असे, पण एका फ्लॅगनं जगाला मोकळा करता येई. मग आवृत्तीमागून आवृत्ती त्याचे पंख छाटत नेले आणि मे २०२२ च्या १.२४ मध्ये तो फ्लॅगच काढून टाकला. आता सगळा कारभार ६४४३ या सुरक्षित पोर्टवरून चालतो.

भाषा-मॉडेलांच्या नव्या पिढीत जुनीच कहाणी पुन्हा सुरू झाली आहे. ओलामा हा असाच घरच्या यंत्रावर मॉडेल चालवणारा प्रोग्राम. त्याचं डिफॉल्ट सावध आहे: १२७.०.०.१, पोर्ट ११४३४. पण त्याला स्वतःची किल्लीची व्यवस्था नाही, आणि प्रोग्राम वेगळ्या डब्यात बंद करून चालवणाऱ्या डॉकर या साधनासाठीच्या त्याच्या तयार प्रतीत पत्ता चार शून्यांचा असतो. २०२४ मध्ये विझ कंपनीच्या संशोधकांनी ओलामात एक भगदाड दाखवून दिलं. त्यातून बाहेरच्याला यंत्रावर हवा तो कोड चालवता येत होता आणि डॉकरमधल्या ओलामाला धोका सर्वांत जास्त होता. भगदाड ०.१.३४ या आवृत्तीत लगेच बुजवलं गेलं. तरीही २०२५ मध्ये सिस्कोच्या टॅलोस या सुरक्षा-गटानं शोडान हे शोधयंत्र वापरून पाहणी केली, तेव्हा इंटरनेटवर उघडे असलेले १,१०० हून अधिक ओलामा सर्व्हर त्यांना सापडले.

दुसऱ्या यंत्रावरून आपल्या सर्व्हरशी बोलायचं, तर चार शून्यांखेरीज एक जुना, खात्रीचा मार्ग आहे, आणि तो इलोनेन यांच्या एसएसएचमध्येच आहे. ‘एल’ हा फ्लॅग देऊन एसएसएच जोडलं, की आपल्या लॅपटॉपच्या ८०८० पासून सर्व्हरच्या ८०८० पर्यंत सांकेतिक बोगदा तयार होतो. सर्व्हर १२७.०.०.१ वरच बसलेला असतो आणि विनंती त्याच यंत्रावरून आली असं समजून उत्तर देतो. ज्याच्याकडे एसएसएचनं शिरायची परवानगी नाही, त्याला बोगदा मिळत नाही.

सर्व्हर खिडकीतून सुरू केला असेल, तर कंट्रोल आणि सी दाबताच किंवा खिडकी बंद होताच तोही सहसा बंद पडतो. कायम चालवायचा असेल, तर तीच ओळ लिनक्समध्ये सिस्टिमडीच्या सेवा-फाइलीत लिहितात. मग यंत्र सुरू होताना सर्व्हरही उठतो आणि तशी सूचना दिलेली असेल, तर कोसळल्यावर पुन्हा उभा राहतो. पण फाइलीत गेलेली ओळ नजरेआड होते. म्हणून अशा यंत्रावर अधूनमधून ‘एसएस’ ही कमांड एल, टी, एन या तीन अक्षरांसह चालवावी. कोण कोण ऐकत बसलं आहे, त्याची यादी समोर येते. ज्या ओळीत पोर्टच्या आधी १२७.०.०.१ दिसतं, ती यंत्राच्या आतली. जिथं चार शून्यं, चांदणी किंवा चौकटी कंसातले दोन अपूर्णविराम दिसतात, तो सर्व्हर बाहेरच्यांचंही ऐकतो आहे. तो कुणी, कधी आणि कशासाठी सुरू केला, हे ठाऊक नसेल, तर आधी तो थांबवून मग चौकशीला लागणं बरं.